केरेडिगिऑनला राहायला जायचंय: ७१ हजार लोक आणि ४५ टक्के वेल्श हे आकडे नक्की वाचायचे कसे?

प्रश्न आधी थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. प्रश्नकर्ते मूळ देवगडचे, आता ठाण्यात असतात. मिसेस नर्स आहेत आणि त्यांना वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथच्या ब्रॉन्ग्लेस हॉस्पिटलची ऑफर आलीय. स्वतः आयटीत, घरून काम करणार. मुलं दोन, एक ५ वर्षांचं आणि एक १० वर्षांचं. त्यांनी नेटवर वाचलं की केरेडिगिऑन काउंटीची लोकसंख्या फक्त ७१ हजार, त्यातल्या ४५ टक्के लोकांना वेल्श येतं, आणि आता विचारतायत की इतक्या छोट्या जागी आपला निभाव लागेल का, वेल्श आल्याशिवाय चालेल का, आणि समुद्रकिनारा आहे म्हणजे साधारण आपल्या कोकणासारखंच असेल ना?

मी पश्चिम वेल्समध्ये बरीच वर्षं लोकसंख्येचे आकडे आणि नकाशे घेऊन आरोग्यसेवेचं प्लॅनिंग करते, म्हणजे कुठल्या खोऱ्यात किती म्हातारी माणसं, त्यांना दवाखान्यापर्यंत यायला किती वेळ लागतो, कुठल्या भाषेत बोलणारी नर्स लागेल, असली कामं. त्यामुळे तुमचे दोन्ही आकडे माझ्या रोजच्या वापरातले आहेत आणि दोन्ही बरोबरच आहेत. पण खरी अडचण लोकसंख्या कमी असणं ही नाहीये. तुम्ही अख्ख्या काउंटीची सरासरी घेऊन स्वतःच्या घराचा निर्णय घेताय ही आहे. सरासरी केरेडिगिऑन असं गाव कुठेच नाही, आणि तुम्ही राहायला जाणार ते एका ठरावीक रस्त्यावर, ते युनिव्हर्सिटीच्या टेकडीखाली आहे का ट्रेगॅरनच्या पुढे मेंढ्यांच्या माळावर आहे यावर तुमचं नव्वद टक्के उत्तर अवलंबून आहे. (उच्चार कानावर राहू दे म्हणून सांगते, सुरुवात क ने होते. स ने म्हटलंत तरी लोक हसून समजून घेतात, पण इंटरव्ह्यूत क ने म्हणा.)

आधी भूगोल, कारण इथे बाकी सगळं त्यावरूनच ठरतं. वेल्सच्या पश्चिम बाजूला समुद्र आत घुसून एक मोठी अर्धगोल खाडी झालीय, कार्डिगन बे, आणि तिच्या मधल्या कडेवर ही काउंटी पसरलीय. उत्तरेला डवी नदीचं मुख, दक्षिणेला टायवी नदीचं मुख, मधे सगळा किनारा, आणि पाठीमागे पूर्वेला कँब्रियन पर्वत. सगळ्यात उंच पिमलिमॉन, ७५२ मीटर. आकडा ऐकून सह्याद्रीवाल्यांना हसू येईल पण तिथला वारा आणि पाऊस बघितला की हसू थांबतं. क्षेत्रफळ साधारण १,७८५ चौरस किलोमीटर, म्हणजे तुमच्या सिंधुदुर्गाच्या एक तृतीयांश.

मी नकाशा नेहमी तीन पट्ट्यांत वाचते. पहिला पट्टा किनारा: बोर्थ, अ‍ॅबरिस्टविथ, अ‍ॅबरायरन, न्यू की, आणि अगदी दक्षिण टोकाला कार्डिगन. दुसरा पट्टा खोऱ्यांचा, टायवी आणि आयरन नद्यांच्या काठचा, लॅम्पिटर, लॅन्डिसिल, ट्रेगॅरन ही बाजारगावं आणि त्यांच्या आसपास डेअरी आणि मेंढ्यांची शेती. तिसरा पट्टा डोंगर, जिथे रस्ते संपतात, धरणं आहेत, जुन्या शिसाच्या खाणींचे करडे ढिगारे आहेत आणि माणसं अगदी तुरळक. ट्रेगॅरनच्या उशालाच कॉर्स कॅरॉन म्हणून मैलोन्मैल पसरलेली दलदल आहे, तिथे पीटचे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचे, थर हजारो वर्षं साचत आलेत. जुन्या लोकांना ती वाटेतली अडचण वाटायची, आता ते राखीव क्षेत्र आहे.

रस्ता बघा. किनाऱ्याने ए ४८७ वर-खाली जातो, पूर्वेला इंग्लंडकडे ए ४४ जातो, काउंटीत मोटरवे नाहीच. अ‍ॅबरिस्टविथ ते कार्डिगन अंतर ६० किलोमीटरच्या आसपास, पण ट्रॅक्टर पुढे लागला तर सव्वा तास सहज जातो. रेल्वे अ‍ॅबरिस्टविथला येऊन संपते, आणि ती लाइन पूर्वेला श्रूजबरीला, म्हणजे इंग्लंडला जाते. दक्षिणेला कार्मार्थनला जाणारी लाइन होती, ती १९६५ मध्ये पॅसेंजरसाठी बंद झाली, तेव्हापासून दक्षिणेला जायचं तर टी १ ची बस. म्हणजे वेल्सच्या राजधानीला, कार्डिफला, ट्रेनने जायचं असेल तर आधी वेल्सच्या बाहेर पडून इंग्लंडमधून वळसा घालून परत वेल्समध्ये यायचं, चार तास गेलेच म्हणून समजा. पिनकोडसुद्धा तसेच. अ‍ॅबरिस्टविथचा पोस्टकोड एसवाय २३, हा एसवाय श्रूजबरीचा. खाली कार्डिगनला एसए लागतो, तो स्वान्सीचा. एकाच काउंटीचे दोन भाग पोस्टाच्या हिशेबाने दोन वेगळ्या देशांतल्या शहरांना बांधलेत. आम्हाला पोस्टकोडवरून पेशंटचा डेटा काढताना हे नेहमी आडवं येतं, नवीन अ‍ॅनालिस्ट हमखास एसवाय बघून अर्धी काउंटी इंग्लंडमध्ये टाकतो.

आता माणसं. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या आली ७१,५००, दहा वर्षांपूर्वी ती ७५,९०० होती. म्हणजे ५.८ टक्के घट, त्या दशकात वेल्समधल्या कुठल्याही काउंटीपेक्षा जास्त. दर चौरस किलोमीटरला साधारण ४० माणसं, वेल्समध्ये याहून विरळ फक्त शेजारची पोविस. तुलनेला सिंधुदुर्ग घ्या, २०११ च्या जनगणनेत तिथे १६३. म्हणजे तुम्ही ज्याला रिकामं म्हणता त्याच्याही चौथा हिस्सा.

पण ही घट वाचताना जरा थांबा. एक तर जनगणनेचा दिवस होता २१ मार्च २०२१, कोविडच्या लॉकडाउनमध्ये. नियमाप्रमाणे विद्यार्थ्यांची मोजणी टर्ममधल्या पत्त्यावर व्हायला हवी, पण पोरं आपापल्या घरी, वर्ग ऑनलाइन. अ‍ॅबरिस्टविथ हे १८७२ पासूनचं युनिव्हर्सिटीचं गाव, पंधरा हजाराच्या आतबाहेरचं, तिथे विद्यार्थी थोडे इकडेतिकडे झाले तरी काउंटीचा आकडा हलतो. शिवाय त्या दशकात विद्यार्थीसंख्या खरोखरच कमी झाली होती, तो सगळा कोविडचा प्रताप नव्हे. लॅम्पिटरचं उदाहरण तर अजून ठळक आहे, १८२२ साली स्थापन झालेलं कॉलेज, वेल्समधलं सगळ्यात जुनं उच्चशिक्षण तिथे, आणि २०२५ मध्ये तिथले अभ्यासक्रम कार्मार्थनला हलवले. तीनेक हजार वस्तीच्या गावातून विद्यार्थी उठून गेले की दुकानं, भाड्याची घरं, बसच्या फेऱ्या, सगळ्यावर परिणाम होतो, आणि पुढच्या जनगणनेत तो दिसेलच.

दुसरं म्हणजे घट ही इथली नवीन गोष्ट नाही. १८९१ मध्ये लोकसंख्या ६२,६३० होती, १९०१ मध्ये ६०,२४०, आणि ती त्याआधीच उतरणीला लागली होती, कारण शिसाच्या खाणी बसल्या. लोक गेले कुठे? बरेच दक्षिण वेल्सच्या कोळशाच्या खोऱ्यांत, काही त्याच्याही आधी अमेरिकेत ओहायोला, आणि एक मोठा लोंढा लंडनला. लंडनमधला दुधाचा धंदा कितीतरी वर्षं या काउंटीच्या लोकांच्या हातात होता, पहाटे उठून दूध घालायचं, पै पै साठवायची आणि म्हातारपणी गावी परत येऊन घर बांधायचं. तुम्ही देवगडचे, त्यामुळे चाकरमानी म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. मुंबईतल्या गिरण्यांच्या जागी लंडनमधली डेअरी ठेवा, बाकी गोष्ट तीच. इथल्या लोकांना बाकीचे वेल्श लोक ‘कार्डी’ म्हणतात आणि चिक्कू म्हणून त्यांच्यावर विनोद करतात. ते विनोद सगळ्यात जास्त कार्डीच सांगतात.

तेव्हा कोकणासारखं आहे का, तर लोकसंख्येच्या बाबतीत हो, आश्चर्य वाटेल इतकं. २००१ ते २०११ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत होती तेव्हा रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे आकसले. तरुण बाहेर, म्हातारे मागे, सणाला आणि सुट्टीत गाव भरलेलं, एरवी कुलपं. फरक एकच पण फार मोठा: कोकणात गेलेल्यांच्या जागी बाहेरून फारसं कोणी राहायला आलं नाही, इथे आले. इंग्लंडमधून, रिटायर झालेले, बर्मिंगहॅम किंवा लंडनकडचं घर विकून समुद्राकाठी बंगला घेणारे. इथला जन्म नसलेली माणसं कमी नाहीत, काउंटीतले निम्म्याहून थोडेच जास्त लोक वेल्समध्ये जन्मलेले. वय ६५ च्या वरचे ढोबळमानाने चारात एक. जन्मांपेक्षा मृत्यू जास्त. १८ ते २५ मधली स्थानिक मुलं जातात आणि त्याच वयाची बाहेरची मुलं युनिव्हर्सिटीसाठी येतात, त्यामुळे वयाचा आलेख काढला की विशीपाशी एक उंच टोक दिसतं आणि ते बघून नवखा माणूस म्हणतो वा, किती तरुण काउंटी आहे! ते टोक काढून टाका, मग खरा आकार दिसतो, आणि तुमच्या मिसेसच्या वॉर्डमध्ये कोण पेशंट असणार तेही दिसतं.

आणि हॉस्पिटलची लोकसंख्या काउंटीच्या सीमेवर थांबत नाही. ब्रॉन्ग्लेसला उत्तर पोविसमधून, उत्तरेकडच्या ग्विनेथ काउंटीच्या दक्षिण टोकातून पण लोक येतात, कारण त्यांना तेच सगळ्यात जवळचं. त्यात उन्हाळ्यात बोर्थ, न्यू की, त्या बाजूचे कॅरवान पार्क भरतात, ती माणसं मार्चच्या जनगणनेत कुठेच नाहीत पण ऑगस्टमध्ये कॅज्युअल्टीत बरोबर येतात. म्हणून ७१ हजार बघून ‘छोटंसं शांत हॉस्पिटल असेल’ असं समजू नका.

आता भाषा, तुमचा मुख्य प्रश्न. २०२१ मध्ये तीन वर्षांवरच्या ४५.३ टक्के लोकांनी वेल्श बोलता येतं असं लिहिलं. २०११ मध्ये ४७.३ होते, २००१ मध्ये ५२. म्हणजे वीस वर्षांत निम्म्याच्या वरून निम्म्याच्या खाली. अख्ख्या वेल्सची सरासरी १७.८ आहे, आणि ग्विनेथ (६४.४) आणि अँगलसी (५५.८) या दोनच काउंट्या केरेडिगिऑनच्या पुढे आहेत, म्हणजे ही अजूनही वेल्शच्या बालेकिल्ल्यांपैकी एक. माणसांच्या संख्येत बोलायचं तर २००१ मध्ये जवळपास ३८ हजार वेल्श बोलणारे होते, आता ३१-३२ हजार.

पण तो प्रश्न काय विचारतो ते लक्षात घ्या. वेल्श समजतं का, बोलता, वाचता, लिहिता येतं का, एवढंच. रोज बोलता का, कोणाशी बोलता, हे जनगणना विचारत नाही. शाळेत शिकलेली पण मित्रांशी इंग्लिशच बोलणारी पंधरा वर्षांची मुलगी आणि ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या इंग्लिश फक्त सरकारी कामासाठी लागली असे आजोबा, दोघांचा टिक एकाच चौकटीत. त्यामुळे मी भाषेचा नकाशा काढते तेव्हा काउंटीचा आकडा बाजूला ठेवून छोटे छोटे विभाग बघते, आणि वयाबरोबर बघते. अ‍ॅबरिस्टविथ शहरात आणि बोर्थसारख्या किनाऱ्यावरच्या गावांत टक्का सरासरीच्या बराच खाली, कारण विद्यार्थी आणि रिटायर लोक. आत ट्रेगॅरनकडे, आयरनच्या खोऱ्यात गेलात की निम्म्याच्या वर. तीस-चाळीस मिनिटांची ड्राइव्ह आहे पण दुकानात शिरल्यावर कानावर पडणारी पहिली भाषा बदलते.

ट्रेगॅरनच्या बाजूच्या एखाद्या दवाखान्यात सकाळी बसलात तर काय ऐकू येतं ते सांगते. रिसेप्शनवरची बाई ‘बोरे दा’ म्हणते, म्हणजे गुड मॉर्निंग. समोरचा शेतकरी वेल्शमध्ये सुरू होतो, अपॉइंटमेंटची वेळ इंग्लिश आकड्यात सांगतो, पाठदुखी वेल्शमध्ये, ‘ब्लड प्रेशर’ इंग्लिशमध्ये, परत हवामानावर वेल्श. मग तुमच्यासारखं कोणी आत आलं की सगळी खोली काही न बोलता इंग्लिशवर येते, कोणी तसं ठरवलेलं नसतं, जुनी सवय. बरेच नवीन लोक तक्रार करतात की आम्ही गेलो की मुद्दाम वेल्श बोलायला लागतात. माझा अनुभव उलटा आहे, ते आधीपासून वेल्शच बोलत असतात, तुमचं लक्ष आत आल्यावर जातं. आणि तिथे माणसाची ओळख आडनावाने पटत नाही, कारण अर्धे जोन्स, उरलेले डेव्हिस आणि इव्हान्स. ओळख शेताच्या नावाने. घरोघर फिरणाऱ्या नर्सच्या यादीतसुद्धा शेताचं नाव असल्याशिवाय पत्ता पुरा होत नाही, एका पोस्टकोडमध्ये पाचसहा शेतं मैलभर पसरलेली असतात, सॅटनॅव भलत्याच फाटकापाशी नेऊन सोडतं आणि मोबाइलला रेंज नसते. मिसेस हॉस्पिटलमध्येच असणार म्हणून त्यांना हे लागणार नाही, पण पुढे कम्युनिटीत जायचं ठरलं तर लागेल.

मग वेल्श आलंच पाहिजे का? नोकरीपुरतं बोलायचं तर पोस्टवर अवलंबून आहे. जाहिरातीत वेल्श ‘आवश्यक’ का ‘असल्यास उत्तम’ ते लिहिलेलं असतं, ऑफर आलीच आहे म्हणजे तो प्रश्न बहुतेक सुटलेला आहे, तरी जॉब डिस्क्रिप्शन परत वाचा. पेशंटच्या बाजूने मात्र वेल्श ही हौस नाही. २०११ च्या कायद्याने वेल्शला वेल्समध्ये अधिकृत दर्जा आहे आणि आरोग्यसेवेत पद्धत अशी की पेशंटने मागायची वाट न बघता आपणहून विचारायचं, वेल्शमध्ये बोलायला आवडेल का. ज्यांना येतं ते नारिंगी बॅज लावतात. कारण अगदी व्यवहारी आहे. डिमेन्शिया झालेला किंवा स्ट्रोक आलेला माणूस कधीकधी नंतर शिकलेली भाषा गमावतो आणि आईची भाषा उरते. ऐंशीच्या पुढच्या आजीबाईंना दुखतंय कुठे हे विचारायला चार शब्द वेल्श येणारी नर्स जे काम करते ते दुभाष्याला फोन लावून होत नाही. मिसेसनी नमस्कार, दुखतंय का, पाणी हवं का, एवढं जरी शिकलं तरी वॉर्डात त्यांचं वजन वाढेल, हे मी खात्रीने सांगते. स्टाफसाठी क्लासेस असतात, ते टाळू नका.

रस्त्यावरच्या पाट्या, काउन्सिलची पत्रं, फॉर्म, सगळं दोन्ही भाषांत, वेल्श आधी. हे आपोआप झालेलं नाही. २ फेब्रुवारी १९६३ ला अ‍ॅबरिस्टविथमध्येच, स्टेशनपासून चालत जाता येईल अशा ट्रेवेखन पुलावर तरुण मंडळी थंडीत रस्ता अडवून बसली होती, कोर्टाचं समन्स वेल्शमध्ये मिळावं या मागणीसाठी, आणि तिथून वेल्श भाषेच्या हक्कांची चळवळ पेटली. ज्यांना दुभाषी पाट्या म्हणजे खर्चाची उधळपट्टी वाटते त्यांनी गावातल्या म्हाताऱ्यांपुढे तसं बोलायचं टाळावं, त्यातलं कोणीतरी त्या पुलावर बसलेलं असू शकतं.

मुलांचं जरा नीट बघायला हवं, कारण तुमच्या दोन मुलांचं उत्तर एक नाहीये. काउंटीतल्या प्राथमिक शाळा बहुतेक वेल्श माध्यमाच्या आहेत आणि काउन्सिलचं धोरण त्याच दिशेने अजून पुढे चाललंय. वेल्श माध्यमाची पहिली प्राथमिक शाळा १९३९ मध्ये निघाली तीसुद्धा अ‍ॅबरिस्टविथलाच. ५ वर्षांच्या मुलाची मला काळजी वाटत नाही. ते वर्ष-दीड वर्षात तुमच्यापुढे वेल्शमध्ये भांडायला लागेल, घरी मराठी, शाळेत वेल्श, टीव्हीवर इंग्लिश, त्या वयात तीन भाषा मुलांना जड जात नाहीत, आपल्याकडे बेळगावची मुलं तेच करतात की. १० वर्षांच्या मुलाचं गणित वेगळं. ११ ला सेकंडरी सुरू होते, मधे वेळ फार कमी. उशिरा येणाऱ्या मुलांसाठी वेल्शचे खास इन्टेन्सिव्ह भाषावर्ग असतात, त्यांना त्याचा फायदा होतो, पण मूल बुजरं आहे का बोलकं हे तुम्हाला माहीत, मला नाही. अ‍ॅबरिस्टविथमध्ये राहिलात तर सेकंडरीला दोन पर्याय आहेत, पेनवेडिग वेल्श माध्यमाची आणि पेनग्लाइसमध्ये मुख्यतः इंग्लिश. आत खोऱ्यात राहिलात तर असा शेजारी-शेजारी पर्याय मिळेलच असं नाही. निव्वळ या एका कारणासाठी मी तुम्हाला पहिली दोन-तीन वर्षं अ‍ॅबरिस्टविथ किंवा त्याच्या लगतच राहा म्हणेन, भाडं जास्त पडलं तरी.

इथवरचं एका दमात: काउंटी विरळ आणि म्हातारी होत चाललेली, पण तुम्ही जाणार ते तिचं सगळ्यात तरुण आणि सगळ्यात मिश्र टोक. वेल्श न येता रोजचं सगळं चालेल, मोठ्या मुलाची शाळा सोडून, तिथे आधी चौकशी करायची. आणि ‘छोटी जागा’ ही भीती अर्धी खरी आहे, त्यावर पुढे.

अर्धी खरी कारण अ‍ॅबरिस्टविथ हे आपल्या वस्तीच्या मानाने फार मोठं गाव आहे. आसपास तासभर दुसरं मोठं गाव नाही, म्हणून हॉस्पिटल, युनिव्हर्सिटी, आर्ट्स सेंटर, टेकडीवर नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्स, सगळं तिथेच एकवटलंय. पंधरा हजार वस्तीच्या गावात देशाची राष्ट्रीय लायब्ररी, हे दुसरीकडे क्वचितच बघायला मिळेल. पण कुठलीही स्पेशालिस्ट गोष्ट लागली, मोठी खरेदी, विमानतळ, की दोन-तीन तासांचा प्रवास आलाच. इंडियन किराणा मर्यादित, लोक बर्मिंगहॅमला गेले की डिकी भरून आणतात. काउंटीत गोऱ्यांचं प्रमाण पंचाण्णव टक्क्यांच्या वर आहे, मराठी मंडळाची अपेक्षा ठेवू नका. हॉस्पिटलमध्ये मात्र भारतीय चेहरे दिसतील, मल्याळी जास्त. २०२४ मध्ये वेल्श सरकारने केरळ सरकारशी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या भरतीचा करार केलाय, त्याचाही हातभार लागतोय. गणपतीला दहाबारा माणसं जमतील, त्यातली निम्मी ओणमवाली असतील, चालायचंच.

घराबद्दल. विकत घ्यायची घाई करू नका. किनाऱ्यावर सेकंड होमवाल्यांमुळे किमती स्थानिक पगाराच्या मानाने चढ्या आहेत, इतक्या की २०२४ मध्ये काउन्सिलने सेकंड होमवर काउन्सिल टॅक्स (आपली घरपट्टी) दुप्पट केला होता. भाड्याचं घर शोधताना सप्टेंबर टाळा, तेव्हा विद्यार्थ्यांची झुंबड असते. तुम्ही घरून काम करणार तर ब्रॉडबँड त्या पत्त्याचा तपासा, गावाचा नाही, एकाच रस्त्यावर वरच्या घराला फायबर आणि खालच्या घराला तांब्याची जुनी वायर असं मी पाहिलंय. समुद्रासमोरचा फ्लॅट फोटोत बघून भाळू नका. जानेवारी २०१४ च्या वादळांनी तिथल्या प्रोमेनेडचे दगड उखडून रस्त्यावर आणून टाकले होते, आणि एरवीही खारट वाऱ्याने खिडक्यांची वाट लागते. देवगडला पावसाळा चार महिने असतो, इथे तो अधूनमधून बारा महिने असतो, फक्त धो धो न पडता नुसता भिजवत राहतो, आणि डिसेंबरात चारलाच अंधार पडतो. पहिला हिवाळा जड जातो, दुसऱ्याला सवय होते.

गाडीशिवाय अ‍ॅबरिस्टविथमध्ये जमेल, बाहेर नाही. भारतीय लायसन्सवर तिथे राहायला लागल्यापासून १२ महिने चालवता येतं, त्यानंतर इथली टेस्ट द्यावीच लागते, आणि टेस्टची तारीख मिळायला महिने जातात, तेव्हा पोचल्यावर पहिल्याच महिन्यात थिअरीला बसा.

ऑफर स्वीकारायच्या आधी दोन मेल टाका. एक हॉस्पिटलला, सुरुवातीला राहायची सोय किती आठवडे देतात आणि फॅमिलीसकट देतात का, कारण बऱ्याच ठिकाणी ती एकट्या माणसापुरती असते. दुसरा काउन्सिलच्या शाळाप्रवेश विभागाला, मोठ्याचं वय, पोचायचा अंदाजे महिना आणि वेल्श अजिबात येत नाही हे स्पष्ट लिहून, पुढच्या टर्मच्या भाषावर्गात जागा आहे का ते विचारा. उत्तर यायला वेळ लागतो आणि टर्मच्या मधे आलात तर वर्ग आधीच भरलेला असू शकतो, त्यामुळे व्हिसाची वाट न बघता हा दुसरा मेल आजच पाठवलात तरी चालेल. आणि हो, मूल बोलकं आहे का बुजरं ते इथे लिहा, मग पेनवेडिग का पेनग्लाइस यावर मी अजून नेमकं सांगू शकेन.